औषध लावलं तरी गोचीड दिसतोच, तो का?

इकडे गवतातून फिरून आलं की कुत्र्याच्या कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधणं हे रोजचंच काम. महागडं औषध लावूनही एखादा सापडतो आणि पैसे पाण्यात गेले असं वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं.

युरोपात औषधाला मान्यता मिळायला साधारणपणे ४८ तासांत ९० टक्के गोचीड मरावे लागतात. मोजणी सोपी आहे. औषध न लावलेल्या कुत्र्यांवर सरासरी २० जिवंत गोचीड आणि लावलेल्यांवर २ सापडले, तर परिणाम ९० टक्के. म्हणजे मान्यताप्राप्त औषधातूनही विसातले दोन निसटू शकतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे औषध गोचिडाला दूर ठेवतं की नुसतं मारतं. परमेथ्रिन किंवा फ्लुमेथ्रिन अंगावर असेल तर गोचिडाच्या पायांना ते लागतं, तो पाय झटकतो आणि चावण्याआधीच गळून पडतो. फिप्रोनिल दूर ठेवत नाही, मारतं. फ्लुरालानेरसारख्या गोळ्यांचं औषध रक्तात असतं, त्यामुळे गोचीड चावल्याशिवाय मरतच नाही. लाइम या गोचिडातून पसरणाऱ्या आजाराचे जंतू शिरायला बहुधा २४ तासांहून जास्त लागतात, तिथे गोळी पुरते. पण आपल्याकडच्या तपकिरी गोचिडामार्फत एर्लिचिया हा कुत्र्यांना आजारी पाडणारा जंतू काही तासांतच शिरू शकतो. तिथे चावूच न देणारं औषध हवं, असं आमचं स्पष्ट मत आहे. फिट येणाऱ्या कुत्र्याला या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

मानेवर टाकायचं औषध फसतं ते मुख्यतः केसांमुळे. केस बाजूला करून कातडी दिसली पाहिजे, नळीचं तोंड तिला टेकलं पाहिजे. मोठ्या कुत्र्याला खांद्यापासून शेपटीपर्यंत तीन-चार ठिकाणी थोडं थोडं सोडा. औषध कातडीच्या तेलातून पसरतं. शाम्पूने ते तेलच निघून जातं, म्हणून आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. मात्रा आजच्या वजनावर ठरवा, मागच्या वर्षीच्या नव्हे. गळ्यात औषधाचा पट्टा असेल तर खाली दोन बोटं जातील इतकाच सैल. केसांवर लोंबणारा पट्टा निरुपयोगी.

घरात मांजर असेल तर परमेथ्रिन टाळाच. मांजराच्या यकृताला ते नीट पचवता येत नाही. थरथर, झटके येतात आणि जीवही जातो. कुत्र्याच्या अंगावरचं ओलं औषध चाटणंही पुरतं.