हिरवा ठिपका

मॅकच्या पडद्यावर अगदी वर जी पट्टी असते, तिच्या उजव्या बाजूला काय काय बसवलंय यावरून माणूस बराचसा कळतो, असं माझं मत आहे. घड्याळ, वायफाय, बॅटरी ही घरचीच मंडळी. त्यांच्या डावीकडे भाडेकरू सुरू होतात. २०२१ मध्ये मॅकबुक प्रोच्या पडद्याला वर मधोमध खाच आली आणि या भाडेकरूंची पंचाईत झाली. जागा पुरली नाही की आयकॉन गुपचूप गायब होतो, सूचना वगैरे काही नाही. मग लोक आयकॉन आवरून ठेवणारं बारटेंडरसारखं अ‍ॅप घेतात. म्हणजे आणखी एक आयकॉन!

यातले काही आयकॉन मी काय करतोय ते सांगतात, काही सर्व्हर काय करतायत ते.

पहिल्या जातीची गंमत मीटिंगमध्ये कळते. परवा एकानं स्क्रीन शेअर केली, तर वर कामाचा वेळ मोजणाऱ्या अ‍ॅपचं ठळक दिसत होतं : ‘क्लायंट रिपोर्ट २:४०’. दोन तास चाळीस मिनिटं. त्यातली निदान दीड तास तरी तो आमच्यासोबत कॅन्टीनमध्ये मिसळ आणि वर दोन चहा घेत बसला होता. सगळ्यांनी वाचलं, कुणी बोललं नाही. आकडा मात्र आमच्यादेखत २:४१ झाला.

पोमोडोरोचं, म्हणजे ठरावीक वेळ लावून काम करायच्या टायमरचं, तसंच. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन गृहस्थानं ऐंशीच्या दशकाच्या शेवटी स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर लावून अभ्यास सुरू केला. पुढे त्याचीच पंचवीस मिनिटांची पद्धत झाली. तो टायमर वाजेपर्यंत विसरता यायचा. पट्टीवरचा टायमर विसरू देत नाही. ०४:१२, ०४:११, ०४:१०... काम राहतं बाजूला आणि आपण सेकंद मोजत बसतो.

दुसरी जात जास्त भारदस्त. कुठली सेवा चालू, कुठली बंद, हे तो एवढासा ठिपका सांगतो : हिरवा म्हणजे ठीक, नारिंगी म्हणजे गडबड. ऑफिसच्या ग्रुपवर ‘डाउन आहे का रे?’ असं कुणी विचारलं की आधी सगळ्यांच्या माना वर जातात. ठिपका हिरवा असेल तर विचारणाऱ्यालाच ‘तुझं नेट बघ’ म्हणून वाटेला लावलं जातं. आता ही अ‍ॅप्स ती माहिती आणतात कुठून? बहुतेक वेळा त्या त्या कंपनीच्या स्टेटस पेजवरून, म्हणजे आपली सेवा चालू आहे की बंद हे कंपनीच जिथे सांगते त्या पानावरून. आणि ते पेज पुष्कळदा माणूसच बदलतो, तेही खात्री झाल्यावर. म्हणजे आजारी माणसालाच ‘बरं आहे ना?’ विचारायचं आणि त्याच्या उत्तरावर विसंबायचं.

२८ फेब्रुवारी २०१७ ला याची कमाल झाली. अमेझॉनच्या एस-थ्री या साठवणसेवेच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात बिलिंगच्या यंत्रणेतला दोष शोधताना काही सर्व्हर बाजूला काढायचे होते. कमांड देताना एक नोंद चुकली, नको तेवढे सर्व्हर निघाले आणि अर्धं इंटरनेट आडवं झालं. स्टेटस डॅशबोर्ड, म्हणजे त्यांचं स्टेटस पेज, मात्र हिरवागार! कारण तो बदलण्याची सोयही एस-थ्रीवरच अवलंबून होती. सुरुवातीचे जवळजवळ दोन तास कंपनीला खरी परिस्थिती ट्विटरवरून सांगावी लागली.

त्यामुळे हिरव्यावर माझा फारसा विश्वास नाही. नारिंगीवर मात्र ताबडतोब. हौस म्हणून कुठली कंपनी नारिंगी होणार आहे?

सध्या मी एक्सबार वापरतो, पूर्वीचा बिटबार. आपण लिहिलेली छोटीशी स्क्रिप्ट तो चालवतो आणि तिच्या उत्तराची पहिली ओळ पट्टीवर दाखवतो. माझी स्क्रिप्ट स्टेटस पेजच्या वाटेला जातच नाही. आमचं लॉगिनचं पान थेट उघडून बघते. उघडलं तर ‘हो’, नाही तर ‘नाही’. किती वेळानं बघायचं ते फाइलच्या नावातच लिहायचं असतं. ‘५एम’ म्हणजे दर पाच मिनिटांनी.

ही फाइल टीममध्ये हातोहात गेली. पाच मिनिटं कोण थांबतंय म्हणून एकानं नाव बदलून ‘५एस’ केलं, म्हणजे दर पाच सेकंदांनी. त्याचं बघून बाकीच्यांनीही केलं. आठवड्याभरात नेटवर्कवाल्यांची मेल आली : लॉगिनच्या पानावर आतूनच कुणीतरी सारखं धडका मारतंय, कृपया शोध घ्यावा. शोध घेण्याचं काम टास्कच्या अ‍ॅपमध्ये माझ्या नावावर पडलंय. वर ‘१’ दिसतोय.