इलेक्ट्रिक गाडीचे सस्पेन्शन: स्प्रिंगच्या आधी शॉकॲब्सॉर्बर

इलेक्ट्रिक गाडीचे सस्पेन्शन सुधारायचे ठरले की बहुतेकांचे बोलणे स्प्रिंगपासून सुरू होते. गाडी किती खाली बसवायची, स्प्रिंग किती कडक घ्यायची, चाकाच्या वरची मोकळी जागा किती कमी होईल, हेच प्रश्न आधी विचारले जातात. माझे मत वेगळे आहे, आणि स्वतःच्या गाडीचे काम करून घेतल्यानंतर ते अधिक पक्के झाले आहे: या जड गाड्यांत पहिला खर्च चांगल्या शॉकॲब्सॉर्बरवर (स्प्रिंगची हालचाल तेलाच्या विरोधाने विरवणाऱ्या नळकांड्यावर, थोडक्यात शॉकवर) करावा, उंची शक्यतो कंपनीने दिली तीच ठेवावी, आणि स्प्रिंगला हात लावायचाच असेल तर तो शॉकच्या जोडीनेच लावावा.

सगळ्याचे मूळ वजनात आहे. साठ ते ऐंशी किलोवॅट-तासांचा बॅटरी पॅक साधारण ४०० ते ५०० किलोंचा असतो. इंजिन, गिअरबॉक्स आणि इंधनाची टाकी नसल्यामुळे त्यातले काही वजन वळते होते, तरीही त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा इलेक्ट्रिक गाडी काही शे किलोंनी जड भरते. हे वजन फरशीखाली पसरलेले असल्याने गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर गाडी कमी कलते. इथवर सगळे चांगलेच आहे. मात्र गुरुत्वमध्य खाली असण्याचा फायदा कलण्यापुरताच मिळतो. रस्त्याच्या उंचवट्यावरून गाडीची बॉडी सरळ वर उचलली जाते आणि पुन्हा खाली येते, त्या हालचालीत वजन खाली आहे की वर याने काहीच फरक पडत नाही. तिथे एकूण वस्तुमान तेवढे मोजले जाते. म्हणूनच अनेक इलेक्ट्रिक गाड्या वळणावर आत्मविश्वास देतात आणि सरळ पण लाटांसारख्या रस्त्यावर मात्र डोलत राहतात.

थोडा हिशेब केला की चित्र स्पष्ट होते. स्प्रिंगवर बसलेल्या बॉडीची नैसर्गिक कंपनवारंवारता स्प्रिंगचा कडकपणा भागिले वस्तुमान, याच्या वर्गमुळावर ठरते. आरामदायी गाडीत ती साधारण १.२ ते १.५ हर्ट्झ ठेवतात. उभ्या दिशेने येणारी ४ ते ८ हर्ट्झची कंपने माणसाच्या शरीराला सर्वांत जास्त जाणवतात, त्यामुळे बॉडीची वारंवारता त्या पट्ट्यापासून बरीच खाली ठेवणे इष्ट असते. आता एका चाकाच्या वाट्याला ३३५ किलो बॉडी येणारी पेट्रोल गाडी घ्या. १.३ हर्ट्झसाठी चाकापाशी मोजलेला कडकपणा दर मिलिमीटरला सुमारे २२ न्यूटन लागतो. दर चाकामागे ४३० किलो येणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीत त्याच वारंवारतेसाठी तो सुमारे २९ न्यूटन लागतो. म्हणजे स्प्रिंग कडक झाली, पण बॉडी पूर्वीच्याच लयीत हलते. हे काम कंपनीने बहुधा आधीच केलेले असते.

शॉकचे गणितही असेच आहे, पण तिकडे लक्ष कमी जाते. वारंवारता तीच ठेवून अवमंदन गुणोत्तर, म्हणजे हालचाल किती लवकर विरते याचे माप, ०.३ ठेवायचे असेल तर वरच्या दोन गाड्यांत शॉकचा विरोध अनुक्रमे दर मीटर प्रतिसेकंद वेगाला सुमारे १६४० आणि २१०० न्यूटन इतका हवा. वजन जितक्या पटीने वाढले तितक्याच पटीने शॉकचे काम वाढले. अशा गाडीत कुणी शॉक मूळचेच ठेवून फक्त ३० टक्के कडक स्प्रिंग बसवली, तर वारंवारता सुमारे १४ टक्क्यांनी वाढते आणि अवमंदन गुणोत्तर ०.३ वरून ०.२६ वर घसरते. बॉडी आता जास्त वेगाने हलते आणि विरायला जास्त आवर्तने घेते. गाडी कडकही लागते आणि उसळतेही, अशी दुहेरी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या गाडीत बहुतेक वेळा नेमके हेच झालेले असते.

चांगला शॉक म्हणजे केवळ घट्ट शॉक नव्हे. शॉकच्या पिस्टनचा वेग दोन अगदी वेगळ्या प्रकारच्या हालचालींतून येतो. बॉडी डोलते, कलते किंवा पुढे झुकते तेव्हा तो वेग सेकंदाला साधारण दहा-वीस सेंटिमीटरच्या आतच राहतो. चाक खड्ड्याच्या कडेवर आदळते तेव्हा तो सेकंदाला एक मीटरच्याही पुढे जाऊ शकतो. जड बॉडीला आवरण्यासाठी कमी वेगात भरपूर विरोध हवा, आणि खड्ड्याचा धक्का आत येऊ नये म्हणून जास्त वेगात व्हॉल्व्ह उघडून तेल मोकळे जाऊ देणारी रचना हवी. स्वस्त शॉकमध्ये या दोन्ही गरजा एकाच छिद्रावर भागवलेल्या असतात, आणि तिथेच तडजोड सुरू होते. केडब्ल्यू या सस्पेन्शन कंपनीच्या व्हेरिएंट ३ सारख्या संचांत दाब (शॉक दबतानाचा विरोध) आणि रीबाउंड (तो परत ताणला जातानाचा विरोध) वेगवेगळे जुळवता येतात. काही कंपन्या हालचालीच्या वारंवारतेनुसार आपोआप मऊ होणारे व्हॉल्व्ह देतात. २०२३ साली नव्या रूपात आलेल्या टेस्ला मॉडेल ३ मध्ये असे शॉक कारखान्यातूनच आले, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य उत्पादकांनाही पटले आहे असे मला वाटते.

माझ्या गाडीत मोटार मागची चाके फिरवते, आणि तिच्यामुळे एका गोष्टीकडे माझे विशेष लक्ष गेले. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच मोटार जनरेटर होऊन गाडी रोखते. पॅडच्या ब्रेकमध्ये कॅलिपर चाकाचे बेअरिंग धरणाऱ्या भागावर (इंग्रजीत knuckle) बसवलेला असतो, त्यामुळे ब्रेकचा पीळ सस्पेन्शनच्या आर्ममधून (चाक आणि बॉडी जोडणाऱ्या दांड्यांमधून) बॉडीकडे जातो, आणि त्या आर्मचे कोन असे ठेवलेले असतात की गाडीची मागची बाजू फार उचलली जाऊ नये. मोटारीने केलेला ब्रेक मात्र ड्राइव्हशाफ्टमधून येतो. त्याचा पीळ मोटार पेलते आणि मोटार बॉडीच्या सबफ्रेमवर (खालच्या सांगाड्यावर) बसवलेली असते. आर्मच्या वाट्याला चाकाच्या केंद्रापाशी लागणारे ओढीचे बल तेवढे उरते. परिणामी मागची बाजू दाबून धरणारी ती भूमिती मोटारीच्या ब्रेकला पुरेशी लागू होत नाही. तेवढ्याच जोराने वेग कमी होत असताना मागच्या पॅडने रोखलेल्या गाडीपेक्षा मागच्या मोटारीने रोखलेली गाडी शेपटी अधिक वर उचलते. एकाच पेडलवर गाडी चालवण्याची सवय असलेल्यांच्या प्रवासात ही उठबस अखंड चालू असते, आणि मागच्या आसनावरील प्रवाशांना मळमळण्यामागे तिचाही हात असू शकतो.

शेवटी गाडी किती झुकणार हे स्प्रिंग आणि भूमिती ठरवतात, शॉक ते बदलू शकत नाही. पण त्या झुकण्यापर्यंत गाडी झटक्यात जाते की सावकाश, हे सर्वस्वी शॉकच्या हातात असते. म्हणून मागच्या शॉकचा कमी वेगातला रीबाउंड नीट जुळवणे हा माझ्या दृष्टीने या सगळ्या कामातला सर्वांत मोठा लाभ आहे. तो जुळल्यावर पाय उचलताना मान पुढे जाणे लक्षणीय कमी झाले आणि तेवढ्यासाठीही मी हा खर्च पुन्हा केला असता.

गाडी खाली बसवण्याविषयी मी कठोर आहे. समजा बंप स्टॉपला (चाकाची वरची हालचाल शेवटी अडवणाऱ्या रबराला) लागेपर्यंत चाकाला वर जायला ९० मिलिमीटर वाव आहे आणि गाडी ३० मिलिमीटर खाली घेतली. वाव एक तृतीयांशाने कमी झाला, असे वाटते. पण स्प्रिंग जी ऊर्जा पचवते ती अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे तोच कडकपणा राहिला तर धक्का पचवण्याची क्षमता पूर्वीच्या ४४ टक्क्यांवर येते. ती पूर्ववत करायची तर स्प्रिंग सव्वादोनपट कडक करावी लागेल, आणि मग वारंवारता दीडपट होईल. बाजारातल्या गाडी खाली घेणाऱ्या बहुतेक स्प्रिंगा एवढ्या कडक नसतात. त्यांचा उरलेला भार बंप स्टॉप उचलतात, आणि बंप स्टॉपवर वारंवार आदळणारी दोन टनांच्या जवळपास जाणारी गाडी प्रवाशांनाही शिक्षा करते आणि स्ट्रटच्या माउंटलाही (शॉक-स्प्रिंगच्या जोडीच्या वरच्या बैठकीलाही). शिवाय जमिनीला सर्वांत जवळ असलेली वस्तू आता सायलेन्सरचा पाइप नसून बॅटरीचा तळ आहे. उंची कमी झाल्याने कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाची आत-बाहेर वळलेली दिशा) बदलतात ते वेगळेच. मागे कॅम्बर जुळवणारे आर्म नसतील तर टायरची आतली कड झपाट्याने झिजते. मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाके जोडणारा एकच पिळणारा दांडा) असलेल्या गाड्यांत, उदाहरणार्थ निसान लीफच्या पहिल्या दोन पिढ्यांत, हे कोन जुळवायची सोयच नसते.

उंची वाढवण्यासाठी स्प्रिंगच्या बैठकीखाली स्पेसर घालण्याची पद्धतही आहे. त्याने स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, मात्र चाकाचा खाली जाण्याचा वाव तेवढ्याने कमी होतो. खोल खड्ड्यात शॉक पूर्ण ताणला जाऊन खटका ऐकू येतो तो यामुळेच.

स्प्रिंग बदलायचीच असेल तर पुढची आणि मागची यांचे नाते जपावे. सस्पेन्शन अभियंता मॉरिस ऑली यांनी १९३० च्या दशकात कॅडिलॅकमध्ये प्रयोगांनी दाखवून दिले होते की मागची वारंवारता पुढच्यापेक्षा थोडी जास्त ठेवली तर उंचवट्यानंतर गाडीचे पुढे-मागे झुलणे लवकर विझते, कारण मागचे चाक उशिरा उचलले जाऊनही पुढच्याची लय गाठते. स्प्रिंगवर छापलेला आकडा थेट वापरून ही तुलना करता येत नाही. स्प्रिंग आर्मवर आत बसवलेली असेल आणि चाक १० मिलिमीटर हलताना ती ७ मिलिमीटरच दबत असेल, तर चाकापाशी तिचा निम्माच कडकपणा पोहोचतो.

टायर हाही सस्पेन्शनचाच भाग आहे आणि तिथे पैसा उलट वाचतो. रिम एका इंचाने लहान घेऊन टायरची बाजू उंच ठेवली की खड्ड्याची तीक्ष्ण कड टायरच पचवतो, आणि लहान रिम बहुधा हलकीही मिळते. अट एकच, भारांक कमी होता कामा नये. भारांक ९४ म्हणजे एका टायरवर ६७० किलो, ९८ म्हणजे ७५० किलो. जड गाडीत हा फरक सुरक्षिततेचा आहे. रेंज वाढावी म्हणून हवेचा दाब आधीच जास्त सांगितलेला असतो, तो मनाने कमी करू नये.

आर्मच्या सांध्यांत बसणाऱ्या बुशबद्दल मी रबराच्याच बाजूने आहे. पॉलियुरेथेनच्या बुशमुळे स्टिअरिंग नेमके होते हे खरे, पण इंजिनाचा आवाज नसलेल्या केबिनमध्ये टायरचा गुणगुणाट आणि माउंटची प्रत्येक कुरकुर स्पष्ट ऐकू येते. त्याच कारणाने शॉक बदलताना वरचे माउंट, त्याची बेअरिंग आणि डस्ट बूट नवेच घालावेत. मजुरी तशीही एकदाच लागते.

काम करून घेताना काही गोष्टींवर आग्रह धरावा. जॅक कंपनीने दाखवलेल्या बिंदूंवरच लावला जावा, बॅटरीच्या तळाला कधीही टेकू नये. एअर सस्पेन्शन असेल तर गाडी उचलण्याआधी त्याची जॅक स्थिती चालू करावी. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच्या उंचीवर आणूनच शेवटचे आवळावेत. चाके लोंबकळत असताना आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो, गाडीची उंची चुकते आणि तो लवकर फाटतो. ही गोष्ट घाईच्या गॅरेजमध्ये सर्वांत आधी वगळली जाते, म्हणून मी स्वतः समोर उभा राहिलो. ज्या बोल्टना एकदाच वापरायचे असे कंपनीने सांगितले आहे ते नवे घ्यावेत. त्यानंतर चारही चाकांचे अलाइनमेंट करावे, आणि उंची थोडीही बदलली असेल तर हेडलाइटची पातळी आणि समोरच्या कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशनही तपासून घ्यावे.

शॉक जुळवताना मी एकच रस्ता, तोच वेग आणि टायरमध्ये तोच दाब ठेवला. सुरुवात कंपनीच्या शिफारशीपासून केली, एका वेळी एकच गोष्ट बदलली, आणि पुढच्या-मागच्या शॉकना कधीही एकत्र हात लावला नाही. लांब लाटेवरून गेल्यावर बॉडी एकदा वर येऊन थांबावी. पुन्हा डोलली तर रीबाउंड कमी आहे. लागोपाठच्या लहान खड्ड्यांत गाडी हळूहळू खाली बसत जाऊन कडक होत असेल तर रीबाउंड जास्त झाला आहे, कारण पुढचा धक्का येईपर्यंत चाकाला परत खाली उतरायला वेळच मिळत नाही. एकट्याने आणि पूर्ण भरलेल्या गाडीत मिळणारे उत्तर थोडे वेगळे येते. मी दोन प्रवासी आणि थोडे सामान धरून जुळवणी केली आणि मागचा रीबाउंड त्याहून एक टिचकी (जुळवणीच्या खुंटीचा एक टप्पा) जास्त ठेवला.

नव्या शॉकचे सील आणि माउंट रुळायला थोडा काळ लागतो, तोवर अंतिम मत बनवू नये. ते रुळल्यानंतर उंची पुन्हा मोजावी. चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजली की टायरच्या झिजेचा घोटाळा होत नाही. डाव्या-उजव्या बाजूंत ठळक फरक दिसला तर अलाइनमेंट पुन्हा करण्याआधी बुशचे बोल्ट सैल करून योग्य उंचीवर नव्याने आवळून घ्यावेत.