रामन थर्मामीटर : अँटी-स्टोक्सची बाजू दिसू लागली

लेझरचा प्रकाश पदार्थावर पडला की त्यातला थोडासा ऊर्जा देऊन किंवा घेऊन, रंग बदलून परततो (रामन विकिरण); त्यावरून तापमान काढायचा हा माझा प्रयोग. मुख्य बातमी आधी. लाँग-पास फिल्टर (लेझरपेक्षा लांब तरंगलांबीचाच प्रकाश सोडणारा) काढून नॉच फिल्टर (फक्त लेझरच्या आसपासचा अरुंद पट्टा अडवणारा) बसवला आणि सिलिकॉनची अँटी-स्टोक्स रेषा, म्हणजे ऊर्जा घेऊन परतलेल्या प्रकाशाची रेषा, मिळाली. ५३२ नॅनोमीटरच्या लेझरवर सिलिकॉनची ५२० वेव्हनंबरची (एका सेंटीमीटरात मावणाऱ्या लाटांच्या संख्येत मोजलेला लेझरपासूनचा फरक) स्टोक्स रेषा ५४७ नॅनोमीटरला पडते आणि तिची जोडीदार ५१७.७ला. लाँग-पास फिल्टर लेझरबरोबर ही अख्खी बाजूच कापतो. नुसता पदार्थ ओळखायचा असेल तर तिच्यावाचून काही अडत नाही, पण तापमान काढायचं तर सगळी मदार तिच्यावरच.

स्टोक्समध्ये फोटॉन स्फटिकाच्या जाळीला ऊर्जा देऊन जातो, अँटी-स्टोक्समध्ये तिच्याकडून घेऊन जातो. घ्यायचं तर जाळी आधीच कंप पावत असायला हवी, आणि ती किती कंप पावते हे तापमान ठरवतं. ५२० वेव्हनंबरची ऊर्जा तापमानात मांडली तर सुमारे ७४९ केल्विन येते. ३०० केल्विनला घातांकी पद, म्हणजे e चा −७४९/३०० हा घात, ०.०८२ निघतं. डिटेक्टर फोटॉन मोजतो, म्हणून अँटी-स्टोक्स आणि स्टोक्स प्रकाशाच्या वारंवारतांच्या गुणोत्तराचा घन घ्यायचा (ऊर्जा मोजत असाल तर चौथा घात). तो गुणल्यावर ०.०९७. म्हणजे स्टोक्सचे हजार फोटॉन आले तर पलीकडे अँटी-स्टोक्सचे शंभराच्या जरा आत. २०० सेल्सिअसला हेच गुणोत्तर ०.२४ होतं. हॉट स्टेज (नमुना तापवायचा मंच) तापत जाते तसं स्क्रीनवर डावीकडचं अँटी-स्टोक्सचं बुटकं पीक (आलेखातलं शिखर) वर येत जातं आणि उजवीकडचं स्टोक्सचं डावीकडे सरकत थोडं रुंदावतं. हे बघताना अजूनही हरखून जायला होतं.

आता प्रश्न येईल की पीक सरकतंच आहे, तर त्यावरूनच तापमान का काढू नये? साध्या कामाला खुशाल काढा. सिलिकॉनचं पीक दर केल्विनला सुमारे ०.०२२ वेव्हनंबर खाली येतं. पण दाब आला की हिशेब बिघडतो. एक गिगापास्कल दाब तेच पीक सुमारे ५ वेव्हनंबर वर ढकलतो, म्हणजे दोनशेहून जास्त अंशांची उष्णता एकट्या दाबाखाली झाकली जाते. डायमंड अँव्हिल सेलमध्ये (दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये नमुना दाबायचं साधन) किंवा शॉकवेव्हखाली दाब आणि तापमान एकदमच चढतात. नुसत्या सरकण्यावरून कोणाचा वाटा किती हे सांगता येत नाही. गुणोत्तराला ही अडचण नाही : पीक जिथे असेल तिथली जागा त्याच स्पेक्ट्रममधून वाचायची आणि सूत्रात घालायची. मला या पद्धतीचं खरं मोल इथेच वाटतं.

कॅलिब्रेशन मात्र टाळता येत नाही. ५१७ आणि ५४७ला ग्रेटिंग (प्रकाश रंगांत फोडणारी जाळी) आणि डिटेक्टर सारखा प्रतिसाद देत नाहीत. मी खोलीच्या तापमानाला, लेझर अगदी मंद ठेवून, मिळालेल्या गुणोत्तराला अपेक्षित गुणोत्तराने भागून एक गुणक काढला आणि पुढे तोच वापरला. लेझर मंद का, तर तो स्वतःच नमुना तापवतो. सिलिकॉनच्या वेफरमध्ये (अखंड पातळ चकतीत) उष्णता झटकन पसरते, पण सिलिकॉनच्या पुडीत ती जागच्या जागी साठते. पॉवर वाढवली की पुडीचं पीक खाली घसरतं आणि गुणोत्तर फुगतं. म्हणून वेगवेगळ्या पॉवरवर वाचन घेऊन शून्य पॉवरपर्यंत रेषा ताणायची. हे टाळू नका.

तापमानात किती चूक येईल याचा अंदाज बांधणं सोपं आहे. गुणोत्तरात १ टक्का चूक असेल तर ३०० केल्विनला सिलिकॉनवर साधारण १.२ केल्विनची चूक येते, ७००ला साडेसहाची. जास्त तापमानाला जास्त वेव्हनंबरची रेषा बरी पडते. हिऱ्याच्या १३३२च्या रेषेला खोलीच्या तापमानाला हजारात जेमतेम दोन-तीन अँटी-स्टोक्स फोटॉन मिळतात, पण १००० केल्विनला ते स्टोक्सच्या पाचव्या हिश्शाच्या वर जातात.

त्याहून वर नमुना स्वतःच उजळू लागतो आणि त्या झगझगाटात रामन सिग्नल बुडतो. प्रयोगशाळांत त्यावर नॅनोसेकंदांचा स्पंदित लेझर वापरतात आणि डिटेक्टर तेवढ्याच क्षणापुरता उघडतात. तरंगलांबी निळ्या-जांभळ्याकडे नेली तरी फरक पडतो, कारण तिथे औष्णिक प्रकाश कमी असतो. शॉकच्या प्रयोगात तर एकाच स्पंदात जेवढे फोटॉन हाती लागतील तेवढ्यांवरच भागवावं लागतं. तांबं, ॲल्युमिनियम यांसारख्या साध्या धातूंना पहिल्या क्रमाची रामन रेषाच नसते, त्यामुळे तिथे ही युक्ती चालत नाही.

पुढचा नमुना गंधक. त्याच्या १५३, २१९ आणि ४७३च्या तिन्ही रेषा ठळक आहेत. कमी वेव्हनंबरमुळे अँटी-स्टोक्स खोलीच्या तापमानालाही भरपूर मिळतो, आणि तिन्हींनी एकच तापमान सांगितलं तर माझा गुणक सगळ्या पट्ट्यात टिकतो हे कळेल. १५३ची रेषा नॉचच्या कडेला फार जवळ येते, तिथे फिल्टर किती प्रकाश खातो ते आधी हॅलोजन दिव्यावर तपासणार आहे. ग्रेटिंगच्या ध्रुवीकरणाचा परिणाम कोणी डीपोलरायझर (प्रकाशाचं ध्रुवीकरण मोडणारा घटक) बसवून घालवला असेल, तर तो स्लिटच्या (स्पेक्ट्रोमीटरच्या तोंडाशी असलेल्या फटीच्या) आधी नेमका कुठे बसवलात ते जरूर कळवा.