प्लूटोला का काढलं? तुम्ही विचारलंत म्हणून

गुहागरच्या किनाऱ्यावर दुर्बीण लावली, पर्यटकांची शनीची कडी बघून झाली, की कोणीतरी हमखास विचारतं, "काका, प्लूटोला ग्रहांमधून का हो काढलं?" सुरात तक्रार अशी, जणू ठराव मीच मांडला होता!

एरिसमुळे काढलं. एरिस म्हणजे प्लूटोच्याही पलीकडे सूर्याभोवती फिरणारा एक गोळा. पालोमार वेधशाळेतून २१ ऑक्टोबर २००३ला तिचे फोटो निघाले होते, पण खगोलशास्त्रज्ञ माइक ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संगणकाने ते बाजूला टाकले. फार सावकाश सरकणाऱ्या ठिपक्यांत खोटेच जास्त निघायचे, म्हणून तासाला दीड विकलेहून (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) कमी सरकणारं काही बघायचंच नाही, असं त्याला सांगून ठेवलेलं. (त्या वेगाने चंद्रबिंबाएवढं अंतर कापायला पन्नास दिवस लागतात.) पुढच्याच महिन्यात सेडना हा तसाच दूरचा गोळा सापडला, त्याचा वेग या मर्यादेच्या जेमतेम वर. आणखी संथ काही निसटलं असेल, असं वाटून जुने फोटो पुन्हा चाळले, आणि जानेवारी २००५मध्ये एरिस हाती लागली.

ती प्लूटोहून मोठी वाटली, तिथेच पंचाईत झाली. प्लूटो ग्रह, तर ही का नाही? आणि हिच्यामागून येणाऱ्यांचं काय? ऑगस्ट २००६मध्ये प्रागला खगोलशास्त्रज्ञांनी व्याख्या केली: ज्याने आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केला, म्हणजे तिथे तोलामोलाचं दुसरं कोणी उरू दिलं नाही, तोच ग्रह. दोघंही बटुग्रह ठरले.

गंमत पुढेच आहे. नोव्हेंबर २०१०मध्ये एरिस एका ताऱ्याआडून नव्हे, ताऱ्यासमोरून गेली. तो किती वेळ झाकला गेला, हे चिलीतून मोजलं आणि तिचा व्यास निघाला २३२६ किलोमीटर. प्लूटोचा २३७७! वजनाला मात्र तीच पाव हिश्शाने जास्त. हे तिच्या डिस्नोमिया या चंद्राच्या फेऱ्यांवरून कळतं. "म्हणजे अन्यायच की!" असं लगेच कोणीतरी म्हणतं. मला नाही तसं वाटत. प्लूटोच्या शेजारीपाजारी इतकी गर्दी असताना पन्नासेक किलोमीटरने काय फरक पडतो? मंगळ आणि गुरूच्या मधला, १८०१मध्ये सापडलेला सेरेसही काही दशकं ग्रहच होता, त्याच्यासाठी कोणी हळहळत नाही.

"मग एरिस दाखवा." नाही दिसायची. तिमिंगल तारकासमूहात आहे, पण सूर्यापासून पृथ्वीच्या जवळजवळ ९६ पट लांब. माझ्या दुर्बिणीच्या आठ इंची आरशाला ती झेपत नाही. त्यात खारं दव आणि ट्रॉलरचे दिवे. बटुग्रह बघायचाच असेल तर सेरेस मागा. पावसाळा सोडून, अंधाऱ्या पंधरवड्यात या, आणि आधी फोन करा, म्हणजे तो तेव्हा रात्री वर असतो का ते बघून ठेवता येईल.