बिब्ब्याच्या वाटेवर: परतवाडा ते धारणी

बिब्बा बघायचा तर पौष-माघात जावं. पावसाळ्यात मेळघाट कितीही सुंदर दिसला तरी तेव्हा बिब्ब्याच्या झाडावर नुसता पांढरट-हिरवा मोहोर असतो. फळ धरून पिकेपर्यंत डिसेंबर उजाडतो आणि तोड फेब्रुवारी संपेपर्यंत चालते. त्यामुळे आम्ही जानेवारीचा दुसरा आठवडा धरला. परतवाड्याहून सकाळी निघून घाट चढायचा, सेमाडोह, हरिसाल करत धारणीच्या बाजारात उतरायचं. गाडी सावकाश हाकली तरी रस्ता एका दिवसाचा आहे. बिब्ब्यासाठी थांबत गेलो, म्हणून दोन दिवस लागले.

घाट चढताना दोन्ही बाजूंना साग. त्यातून बिब्बा वेगळा काढायला नजर बसावी लागते. सागाची पानं समोरासमोर येतात, तर बिब्ब्याची फांदीच्या टोकाला झुबक्यानं. लांब, टोकाकडे रुंद, हातभरसुद्धा वाढणारी. वरून हिरवी आणि पालथी केली की फिकट राखाडी. खोडाची साल खडबडीत असते आणि तिच्यावर कुठे ना कुठे डांबर ओघळल्यासारखे काळे डाग दिसतात. साल खरचटली की चीक येतो आणि हवा लागली की तो काळा पडतो. खूण पक्की आहे, पण तिच्यावर बोट फिरवून खात्री करू नये. दहा झाडं दिसली तरी फळं चार-पाचांवरच असतात, कारण नर आणि मादी झाडं बहुधा वेगळी असतात. नुसती पानं असलेलं झाड म्हणजे वांझ झाड नव्हे.

आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. फळ पाहिलं की काजूची आठवण येतेच. वर नारिंगी, गरदार भाग, त्याला गावात फूल म्हणतात. खाली त्याला चिकटलेला काळा, चपटा, बदामाच्या आकाराचा बिब्बा, इंचभर लांब. वनस्पतिशास्त्रात झाडाचं नाव सेमेकार्पस अनाकार्डियम. त्यातल्या सेमेकार्पसचा अर्थच खुणेचं फळ, कारण याच रसात चुना मिसळून परीट कपड्यांवर खुणा करत. धुण्यानं ती खूण जात नसे.

या एका फळात तीन वेगळ्या गोष्टी असतात. वरचं फूल खायचं, आतली गोडंबी, म्हणजे बी, खायची आणि दोन्हींच्या मधल्या सालीला हात लावायचा नाही. ही साल जाळीदार असते, जाळीच्या पोकळ्यांत काळं, दाट तेल भरलेलं असतं. बिब्ब्याचं औषध आणि बिब्ब्याचा घात दोन्ही त्या तेलात. बाकी सगळी कला ते तेल इकडे-तिकडे लागू न देण्याची.

सेमाडोहच्या अलीकडे-पलीकडे जंगल व्याघ्र प्रकल्पाचं. 1974 सालापासून हे संरक्षित क्षेत्र आहे आणि गाभ्यात फळ काय, पानही उचलायचं नाही. गोळा करणं चालतं ते बाहेरच्या पट्ट्यात, वनहक्क मिळालेल्या गावांच्या शिवारात. 2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलात मिळणाऱ्या वस्तूंवर, तिथल्या लोकांचा हक्क मान्य केला आहे. म्हणून रस्त्याकडेला गाडी थांबवून स्वतः फळं तोडायच्या भानगडीत पडू नये, गावात जावं.

हरिसालच्या पुढे एका कोरकू आदिवासी वस्तीत अंगणात फुलं वाळत होती. तोडण्यापासून वाळवण्यापर्यंतची रीत तिथे नीट बघायला मिळाली. झाडावर चढून फांदी हलवत नाहीत. आकडी लावलेल्या बांबूनं घोस खाली पाडतात किंवा पिकून गळालेली फळं सकाळी वेचतात. वेचण्याआधी हाताला कोपरापर्यंत तेल चोपडायचं. तीळ, खोबरं, मोहाच्या बियांचं, घरात असेल ते. तेल लावलेल्या हातानंही डोळे, मान, चेहरा पुसायचा नाही. बोटांची कातडी जाड असते, तिथे लगेच काही होत नाही. पापणी मात्र दुसऱ्या दिवशी सुजून डोळा झाकते.

फूल बिब्ब्यापासून सोडवताना पिरगाळतात, ओढत नाहीत. ओढलं तर देठाशी साल फाटते आणि तेल थेट फुलाच्या गरात उतरतं. फूल सुटल्यावर बिब्ब्याला टेकलेला त्याचा तळ विळ्यानं कापून टाकतात. नवशिके ही पायरी गाळतात आणि मग ओठ सुजवून घेतात. ताजं फूल नुसतं खाल्लं तर गोडीच्या मागोमाग तुरटपणा येतो, घसा धरतो. चार-सहा दिवस कडक उन्हात वाळवलं की तुरटपणा बराच जातो आणि ते मनुक्यासारखं तपकिरी, चिवट होतं. घाईत दोन दिवसांत गोळा केलेली फुलं आतून ओली राहतात, डब्यात बुरशी धरतात. बोटानं दाबून ओल लागत नाही ना, हे बघूनच भरायची. काही घरांत ताजी फुलं निखाऱ्यावर भाजूनही खातात. भाजायला हरकत नाही, पण त्या चुलीत बिब्ब्याचं लाकूड नको. त्या धुरानंही अंग उततं.

‘उतणं’ हा बिब्ब्याचा खास शब्द. भाजलेल्यासारखे फोड, पाणी, खाज आणि शेवटी काळा डाग. तेलातल्या द्रव्यांना भिलावानॉल म्हणतात. काजूच्या सालीतलं तेल याच्याच भावकीतलं, त्यामुळे काजूच्या सालीनं ज्यांचं अंग उठतं त्यांनी बिब्ब्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं. फसवणूक अशी की बहुतेकदा लगेच काही होत नाही. एक-दोन दिवसांनी फोड येतात, तोवर माणूस ‘मला बिब्बा उतत नाही’ अशी बढाई मारून मोकळा झालेला असतो. तेल लागलंच तर पहिली चूक पाण्यानं धुण्याची. ते पाण्यात विरघळत नाही, नुसतं पसरतं. परतवाड्याच्या एका दुकानदारानं वऱ्हाडीत सांगितलं तेच खरं: “तो पाण्यानं नाही जात भाऊ, आंधी तेल लावा.” आधी खोबरेल लावून फडक्यानं टिपायचं, फडकं टाकून द्यायचं, पुन्हा तेल, मग साबण आणि भरपूर पाणी. फोड आले तर फोडायचे नाहीत. तीळ-खोबरं वाटून लावण्याची जुनी रीत आहे, थंड वाटतं. पण चेहरा, डोळे किंवा नाजूक जागा उतली असेल किंवा तेल पोटात गेलं असेल तर वाटण करत बसू नये, दवाखाना गाठावा.

आता गोडंबी. धारणीच्या बाजारात ती मापानं विकायला होती, शेजारी चारोळी, मोहफुलं आणि सुकलेल्या बिब्ब्याच्या फुलांचे ढीग. भाव ऐकून गिऱ्हाईक दचकतं. पण गोडंबी कशी निघते ते पाहिलेला माणूस घासाघीस करत नाही.

फूल काढल्यावर बिब्बे आठ-दहा दिवस उन्हात वाळवतात. ताजा बिब्बा चामड्यासारखा असतो, हातोडी बसली की चेपतो आणि तेल उडतं. जुना, खडखडीत वाळलेला बिब्बा तडकतो. म्हणून फोडणारे घाई करत नाहीत. दगडावर राखेचा थर, त्या राखेत बिब्बा कडेवर उभा आणि हलक्या हातोडीचा एकच ठोका. राख उडालेलं तेल शोषते आणि बिब्बा निसटू देत नाही. ठोका कमी पडला तर दुसरा मारावा लागतो आणि तो नेमका चुकतो. जास्त बसला तर गोडंबी चुरडून तेलात माखते. माखलेली गोडंबी धुऊन वाचवता येत नाही, ती फेकायचीच. निघालेली गोडंबी राखेत घोळून, फडक्यानं पुसून पुन्हा उन्हात. दिवसभर बसून फोडलं तरी जेमतेम डबाभर माल. आणि फोडणाऱ्या बाईच्या बोटांकडे बघितलं की तेल-राखेचा उपाय किती पुरतो तेही कळतं. टोकं काळी, कातडी सोललेली. हातमोजे का नाहीत, असं शहरी माणूस विचारतो. जाड मोज्यात एवढासा बिब्बा धरता येत नाही आणि पातळ मोजा तासाभरात फाटून तेल आत धरून ठेवतो, ते जास्त वाईट.

विकत घेताना मूठभर गोडंबी पांढऱ्या कागदावर पसरा. पांढरट-बदामी, चपटे दाणे हवेत. काळी रेघ किंवा ठिपका असलेला दाणा म्हणजे सालीचं तेल लागलेलं, असे दाणे बरेच असतील तर घेऊ नका. एक दाणा मोडून हुंगा. गोडंबीत भरपूर स्निग्धांश, उन्हाळा लागला की खवट होते. हवाबंद बरणीत, जमल्यास फ्रिजमध्ये ठेवावी.

घरी ती डिंकाच्या लाडवात जाते. आमचं प्रमाण: खारीक पूड अर्धा किलो, किसून भाजलेलं सुकं खोबरं अर्धा किलो, डिंक पाव किलो, खसखस 100 ग्रॅम, गूळ पाऊण किलो, तूप साधारण 400 ग्रॅम आणि गोडंबी 100 ग्रॅम. यापेक्षा जास्त घालू नये. ती उष्ण मानतात आणि चवही दबते. गोडंबी शेवटी, मंद आचेवर चमचाभर तुपात, रंग बदलायच्या आत काढायची. डिंक तळलेल्या कढत तुपात टाकली तर क्षणात करपते आणि कडू लागते. पहिल्यांदाच खाणाऱ्यानं एक-दोन दाणे खाऊन दिवसभर थांबावं, काजू न सोसणाऱ्यानं तेवढेही नकोत.

औषधाचा बिब्बा, म्हणजे आयुर्वेदातला भल्लातक, ही वेगळीच वाट. चरकसंहितेच्या रसायनप्रकरणात, म्हणजे बळ आणि आयुष्य वाढवणाऱ्या उपचारांच्या भागात, त्याचे दहा प्रयोग आहेत आणि तपशील थक्क करणारा आहे. न किडलेले, रसानं भरलेले, पिकल्या जांभळासारखे दिसणारे बिब्बे ज्येष्ठ-आषाढात जमवायचे, चार महिने जवाच्या किंवा उडदाच्या राशीत पुरून ठेवायचे आणि मार्गशीर्ष-पौषात, थंडीतच, वापरायला काढायचे. काढा दुधाबरोबर घेण्याआधी तोंडाला आतून तूप लावायचं. तेल चिकटू नये म्हणून हाताला तेल आणि तोंडाला तूप, तर्क एकच. भल्लातक तीक्ष्ण आणि अग्नीसारखा, पण विधीनं वापरला तर अमृतासारखा, असं चरक सांगतो.

विधी म्हणजे आधी शोधन, बिब्बा शुद्ध करणं. पाण्यात बुडणारे बिब्बे निवडायचे, तरंगणारे पोकळ. देठाकडची टोपी कापायची, विटेच्या चुऱ्याबरोबर जाड पिशवीत घालून चोळायचे. चुरा तेल पितो आणि साल सुटत जाते, मग गरम पाण्यानं धुवायचे. काही परंपरांत त्याआधी सात दिवस गोमूत्रात आणि सात दिवस दुधात ठेवतात. संजीवनी वटी या आयुर्वेदिक गोळीत पडतो तो असा शुद्ध केलेला. औषध कायद्याच्या नियमांत भल्लातक विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, म्हणून ही औषधं वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची. खेड्यापाड्यांत सुईवर बिब्बा तापवून दुधात थेंब पाडून देतात, टाचेच्या भेगांत तेल भरतात. थेंबाचं माप दिव्याच्या आचेवर ठरतं, बिब्ब्या-बिब्ब्यात तेल कमी-जास्त. लहान मुलं, गर्भार बाई, मूत्रपिंडाचा आजार असलेला माणूस, यांच्या बाबतीत तर हा खेळ करूच नये.

लिंबू-मिरचीच्या माळेत ओवायचे बिब्बेही याच बाजारात मिळतात आणि परतीच्या प्रवासात तेच जास्त त्रास देतात. सुईनं भोक पडलेला बिब्बा बंद गाडीच्या उन्हात झिरपतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपड्यांच्या बॅगेत टाकू नका. झाकणाचा पत्र्याचा डबा, तळाला राख किंवा विटेचा चुरा आणि तो डबा पायाशी नव्हे, डिकीत. सदऱ्यावर डाग पडला तर मात्र तो परटाकडे नेऊन उपयोग नाही.