लेहला मनालीकडून की श्रीनगरकडून?

एप्रिल उजाडला की फोन सुरू होतात. कुणाचा भाचा, कुणाच्या ऑफिसातली चौकडी, एखादं साठी उलटलेलं जोडपं. प्रश्न एकच: लेहला गाडीने निघालोय, मनालीकडून जाऊ की श्रीनगरकडून? तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो. जाताना श्रीनगर, येताना मनाली. उलट करू नका.

अंतर दोन्हीकडून सारखंच, सव्वाचारशे किलोमीटरच्या घरात. फरक चढाचा आहे. अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाला आणि रोहतांगची कटकट संपली, पण त्यापुढे बऱ्याच गाड्या मुक्कामाला थेट सरचू गाठतात. उंची ४२०० मीटरच्या वर. तिथे तंबूत झोप कसली लागतेय! डोकं ठणकतं, जेवण समोर नको वाटतं, आणि पटकन खाली उतरावं म्हटलं तर मागे बारालाचा, पुढे लाचुंग ला. दोन्ही खिंडी (ला म्हणजे खिंड) सरचूहून उंच. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची दिवसाला पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. हा रस्ता तो हिशेब पहिल्याच दणक्यात मोडतो.

श्रीनगरचा रस्ता जास्त समजूतदार आहे. झोजी ला साडेतीन हजार मीटर, पण तो दुपारी ओलांडायचा आणि रात्री कारगिलला, म्हणजे पुन्हा २७०० मीटरवर येऊन झोपायचं. दुसऱ्या दिवशी फोटू ला लागतो, ४१०८ मीटर. तिथे फोटो काढा, वाऱ्याने कान बधिर होऊ द्या आणि उतरा. लेह ३५०० मीटरवर. एका दिवसात श्रीनगर ते लेह मारणारे महाभाग भेटतात. त्यांचं काय पाहून झालं ते त्यांनाच ठाऊक.

झोजी लाबद्दल थोडं जास्त सांगतो. रस्ता अरुंद, चिखलाचा, समोरून ट्रक आला की कोण मागे घेणार यावर हातवारे. मध्येच बकरवालांच्या मेंढ्या येतात, मग सगळेच थांबतात. याच चढावर १९४८ च्या नोव्हेंबरात जनरल थिमय्यांनी रणगाडे चढवले होते. खिंड ओलांडली की हिरवाई संपते. महाबळेश्वरहून वाईकडे उतरताना पाऊस मागे राहतो ना, तसंच, फक्त इथे गवतही दिसेनासं होतं. खिंडीखाली बोगद्याचं काम चालू आहे. हिवाळ्यात तुटणाऱ्या लडाखी लोकांना तो हवाच. ही खिंड चुकेल, ही माझ्यासारख्यांची हळहळ त्यापुढे फुकाची.

कारगिलपर्यंत मशिदी दिसतात. मुलबेखला कातळात कोरलेला उभा मैत्रेय भेटतो आणि तिथून गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, सुरू होतात. हा बदल विमानाच्या खिडकीतून कळत नाही. तसं लेहचंही आहे. लडाखचा राजा सेंगे नामग्यालचा सतराव्या शतकातला नऊमजली राजवाडा सगळे बघतात, पण त्याच्या पायथ्याशी बाजारात जुनी जामा मशीद कशी, हा प्रश्न या रस्त्याने आलेल्याला पडत नाही. तिबेटकडच्या चांगथांग पठाराची पश्मीना लोकर लेहमार्गे काश्मीरला जायची. लडाख आणि तिबेटमधल्या १६८४ च्या तिंगमोसगांग तहाने तिचा मक्ताच काश्मिरी व्यापाऱ्यांना मिळाला होता. तुम्ही त्याच मालाच्या उलट दिशेने आलेले असता. मशिदीमागच्या गल्लीत भटारी आजही तंदूरच्या भिंतीला रोट्या थापतात. सकाळी लवकर जा, गरम रोटी आणि जर्दाळूचा जॅम.

आल्या आल्या दोन दिवस गल्ल्यांत हळूहळू भटका, खारदुंग लाची घाई नको. साठीच्या मंडळींनी निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावं. परतीला मनालीचा रस्ता धराल तेव्हा लेहजवळच्या कारूला टाकी भरा, पुढचा भरवशाचा पंप थेट तांडीला. आणि पोस्टपेड सिम न्या. महाराष्ट्रातलं प्रीपेड तिकडे चालत नाही, मग घरचे इथे देव पाण्यात घालून बसतात.