कवेलू फेरायच्या वेळी नोटीस द्या

दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी नगर परिषदेचा शिपाई आमच्या कापड लाईनमध्ये येतो आणि ठरलेल्या चार-पाच वाड्यांच्या दारांवर कागद चिकटवून जातो. इमारत धोकादायक आहे, तात्काळ दुरुस्त करावी अथवा पाडून टाकावी, जीवितहानी झाल्यास जबाबदारी आपली. मृग लागला की कागद भिजून गळून पडतो. पुढच्या मे महिन्यात तोच मजकूर पुन्हा चिकटतो. एका दारावर तर ज्यांच्या नावाने नोटीस येते ते आजोबा वारून कितीतरी वर्षं झाली. आखीव पत्रिकेवर, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदीवर, अजून तेच आहेत, कारण वारसांची नावं चढवायला कोणी गेलंच नाही.

माझं मॅचिंग सेंटर याच लाईनमध्ये, एका जुन्या वाड्याच्या ढेलजेत, म्हणजे दारालगतच्या ओसरीत, आहे. जागा सासऱ्यांनी भाड्याने घेतलेली. समोर सागवानी खांब, वर माडी, मागे चौक. शेजारचा वाडा मागच्या पावसाळ्यात रात्री बसला. माडीची भिंत रस्त्यावर आली. दिवसा त्याच जागी भाजीच्या गाड्या उभ्या असतात.

लोक म्हणाले, पावसानं पडला. मी तो वाडा पडताना वर्षानुवर्षं पाहिला आहे, म्हणून सांगते. आधी वानरांच्या टोळीनं मागच्या बाजूचे कवेलू, म्हणजे छपराची कौलं, सरकवले. ते फेरायला, म्हणजे काढून नीट बसवायला, कोणी आलं नाही. पाणी थेट भिंतीच्या माथ्यावर पडू लागलं. आपल्याकडच्या या भिंती पांढऱ्या मातीच्या. वरून झाकलेल्या असतील तर शंभर वर्षं हलत नाहीत, माथ्यातून पाणी शिरलं की आतून विरघळतात. मग भिंतीत बसवलेली नाटांची, म्हणजे लाकडी तुळयांची, टोकं कुजली, त्यांना उधई लागली. पन्हाळीजवळ पिंपळ उगवला. त्यानंतर एके दिवशी ट्रक आला आणि नक्षीचा दरवाजा, खांबांवरच्या ब्रॅकेटा, चौकातली दोन चांगली खांबं घेऊन गेला. जुन्या सागवानाला शहरात भाव आहे. खांब गेल्यावर माडीला आधार कशाचा? एवढं सगळं झाल्यावर त्या घराला 'धोकादायक' ठरवणारी पहिली नोटीस आली.

आमच्या भागातले जुने मिस्त्री माझ्या दुकानासमोर बसून म्हणाले, "बाई, तवाच दोन मानसं लावली असती तं चार दिवसाचं काम होतं." माझं म्हणणं एवढंच आहे. सक्ती करायची तर ती त्या चार दिवसांच्या कामाच्या वेळी करा. 'दुरुस्त करा अथवा पाडा' असा पर्याय शेवटच्या टप्प्यावर दिला, तर पडू देणाऱ्या मालकाला हवं तेच मिळतं. वाडा पडला की भाडेकरूही जातो आणि मोकळ्या प्लॉटला गिऱ्हाईक मिळतं.

कायद्यात अधिकार नाहीत असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. १९६५ च्या नगर परिषद अधिनियमात मुख्याधिकाऱ्यांना पडायला आलेली इमारत सुरक्षित करायला किंवा दुरुस्त करायला लावता येते. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम २२ मध्ये, विकास आराखड्यात ऐतिहासिक व वास्तुकलेच्या दृष्टीने मोलाच्या इमारती जपण्याची तरतूद करता येते. मुंबईत वारसा इमारतींची नियमावली १९९५ पासून आहे, नागपुरातही वारसा संवर्धन समिती आहे. तालुक्याच्या गावांपर्यंत मात्र यातलं फारसं काही पोचलं नाही.

भाडेकरूंसाठीही तरतूद आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ प्रमाणे जागा दुरुस्त ठेवणं मालकाचं काम. त्याने केलं नाही, तर किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. महिना ९० रुपये भाडं धरा. वर्षाचे १,०८० आणि चतुर्थांश २७०. एवढ्यात मिस्त्रीची एका दिवसाची मजुरीही निघत नाही.

इथे मालकाची बाजूही खरी आहे, आणि ती मी मनापासून मान्य करते. आमच्या मालकांचा मुलगा पुण्याहून आला की म्हणतो, "वहिनी, सात हिस्सेदार आहेत. मी एकट्यानं खर्च केला तर तो मला कोण देणार?" म्हणून नुसता दंड लावून भागणार नाही. नगर परिषदेनं कवेलू फेरून घ्यावेत, पन्हाळ बसवावी, पिंपळ मुळासकट काढावा, आणि खर्च सगळ्या हिस्सेदारांच्या नावे मालमत्ता कराच्या बिलात हप्त्यांनी लावावा. जो घर राखतो त्याला करात सूट द्यावी. भाडंही दोघांनी बसून वाढवावं. मी माझ्यापुरती तयार आहे.

आणि सक्ती नगर परिषदेवरही हवी. लाईनमधला रस्ता प्रत्येक वेळी जुन्या सिमेंटवरच नवा थर टाकून केला. आता रस्ता ओट्याच्या वर आला आहे आणि पावसाचं पाणी भिंतींच्या पायात मुरतं. खाली काळी माती, पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. त्यावर उभ्या भिंतीला तडे जाणारच. आधी जुना थर खरवडा, नाली खोल करा, मग मालकाला जाब विचारा. दुरुस्ती करणाऱ्यांनीही मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवू नये. ओल आत कोंडते आणि भिंत पोकळ होते. चुना वापरा, तो जाणणारे हात आपल्याकडे अजून थोडे उरले आहेत.

या घरांमागे आपला कापूस आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. १८७० मध्ये जलंबहून खामगावच्या कापूस बाजारापर्यंत रेल्वे आली. त्या व्यापारातून गावोगाव असे वाडे उभे राहिले. शेतकऱ्याच्या वाट्याला त्यातलं किती आलं हा वेगळा आणि कडू विषय आहे. पण त्याच्या घामाचा पैसा या नाटांमध्ये आहे, म्हणूनही मला ते कुजताना बघवत नाही.

आपल्या गावाच्या सुधारित विकास आराखड्यासाठी हरकती-सूचना मागवतील तेव्हा कापड लाईन आणि जुन्या पेठेतल्या वाड्यांची यादी मी देणार आहे. ज्यांच्याकडे आपल्या घराची आखीव पत्रिका, जुने फोटो किंवा बांधकामाचे कागद असतील त्यांनी त्यांच्या झेरॉक्स माझ्या दुकानात आणून द्याव्या. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी दिवशी संध्याकाळी सातपर्यंत मी असते.